पडून एकही मेला नव्हता : ट्रकच्या कामात रगेड लॅपटॉप

आमचं काम असं आहे की गाडी आमच्याकडे येत नाही, आम्ही गाडीकडे जातो. नाशिकला आडगाव नाक्याजवळ एक छोटा गाळा आहे, पण तिथं बसणं महिन्यातून चार-पाच दिवस, बाकी व्हॅन काढायची आणि पिंपळगाव, लासलगाव, सिन्नर, घोटी, पेठ रोड, जिथून फोन येईल तिथं. ट्रक, टिपर, ट्रान्झिट मिक्सर, मधूनच एखादी बस. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचे नवे नियम) आलं आणि तेव्हापासून नव्या गाडीचं दुखणं पान्याने कळायचं बंदच झालं, गाडी लोड घेत नाही म्हणून ड्रायव्हर बोंबलत असतो आणि कारण असतं नॉक्स सेन्सरच्या (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मोजतो तो) वायरिंगमधली एक घासलेली वायर, आता ती लॅपटॉप लावल्याशिवाय कोणाला दिसणार.

म्हणजे रोजचं काम काय, तर गाडीच्या ९ पिनच्या गोल कनेक्टरला किंवा १६ पिनच्या सॉकेटला डबी लावायची (तिला व्हीसीआय म्हणतात, आम्ही डबीच म्हणतो), डबीतून यूएसबी वायर लॅपटॉपला, मग कोड वाचा, उडवा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक असेल तर रिजन मारा, म्हणजे काजळी जाळून काढा, धूर साफ करायला युरिया सोडतात ते डोझिंग चालू आहे का बघा, आणि कधी कधी ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, नवीन सॉफ्टवेअर टाका, ज्याला सगळे फ्लॅशिंग म्हणतात. लॅपटॉप बंपरवर, टायरवर, केबिनच्या पायरीवर, कधी रस्त्यावर पोतं टाकून त्यावर. टेबल हा प्रकारच नाही.

हे सगळं लिहायचं कारण, गेल्या दीड-दोन वर्षांत निदान पंधरा जणांनी तरी विचारलं असेल, की भाऊ तो मिलिटरीवाला लॅपटॉप (रगेड, म्हणजे धूळ-पाणी-मार सोसायला बनवलेला) कुठला, कितीला पडला, आम्ही पण घेऊ का. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं इथंच लिहून टाकतो.

आधी मेलेले तीन

पहिला २०२० ला घेतलेला, ४२ हजाराचा साधा लॅपटॉप. तो लासलगावने मारला असं म्हणायला हरकत नाही. कांद्याच्या सीझनला मार्केट यार्डाच्या आसपास ट्रकची रांग लागलेली असते, आम्ही तिथं दिवस दिवस असायचो. लॅपटॉप गरम व्हायला लागला, मग फॅन किरकिर करायला लागला, मग एक दिवस बंद पडला तो पडलाच. रिपेअरवाल्याने खालची प्लेट उघडली तेव्हा मी समोर होतो. फॅनच्या पात्यांमध्ये कांद्याची टरफलं, ती लालसर पातळ वरची असतात ना कागदासारखी, ती अडकलेली, त्यांच्यावर डिझेलच्या धुराने चिकट झालेली धूळ बसलेली आणि हीटसिंकच्या फटी गोधडीत कापूस भरावा तशा गच्च. त्याने चिमट्याने एकेक टरफल काढून समोरच्या पेपरवर ठेवलं आणि मला म्हणाला, "दादा, लॅपटॉप वापरता का कांदे निवडता?" मदरबोर्ड गेला होता.

दुसरा ३८ हजाराचा, आणि खरं प्रकरण इथूनच सुरू होतं. याची चार्जिंग पिन ढिली झाली होती, वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्ज घ्यायचा, आम्ही रबर बँड लावून तो कोन पकडून ठेवायचो आणि त्याचं आम्हाला कौतुकही वाटायचं. सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत एका टिपरचं फ्लॅशिंग चालू होतं. साठ-पासष्ट टक्क्यांवर काम आलेलं, माझा चुलतभाऊ पाण्याची बाटली घ्यायला उठला, त्याच्या पायात वायर अडकली, चार्जर निघाला. बॅटरी जुनी. मी रबर बँड परत बसवेपर्यंत स्क्रीन काळी. फ्लॅशिंग अर्धवट तुटलं की ईसीएमच्या मेमरीत ना जुनं सॉफ्टवेअर धड राहतं ना नवीन, गाडी नुसती लोखंड होते. तीन दिवस टिपर जागेवर उभा, ईसीएम काढून पुण्याला पाठवला, तिथं तो बेंचवर जिवंत झाला, ३४ हजार माझ्या खिशातून गेले. मालक एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही, ते जास्त लागलं.

तिसरा ४६ हजाराचा, भावाने संध्याकाळी अंधारात कीबोर्डवर एक दहा नंबरचा नट राहिलेला असताना झाकण लावलं. बस. स्क्रीनवर नटाएवढं काळं फूल आणि त्यातून चारी बाजूंना रेघा.

त्या रात्री मी एका जुन्या जॉबकार्डच्या मागे लिहून काढलं की कुठला कशाने मेला. धूळ, पॉवर, नट. चार वर्षं आम्ही "पडेल रे, पडेल रे" करत काढली आणि पडून एकही मेला नव्हता. पाण्यानेही नाही. आणि नंतर जेव्हा रगेड लॅपटॉप शोधायला लागलो तेव्हा जो तो व्हिडिओ दाखवायचा तो लॅपटॉप फेकून दाखवायचा, वरून बादली ओतून दाखवायचा, ट्रकखाली घालून दाखवायचा. माझा प्रॉब्लेम भलताच होता. जो कोणी विचारतो त्याला माझा पहिला प्रश्न आता हाच असतो, तुझे आधीचे कशाने मेले ते लिहून आण, मग बोलू.

बाजारात काय दिसलं

एमजी रोडला दोन-तीन दुकानं फिरलो. "ते मिलिटरीवाले आपल्याकडे नसतात" हे एक उत्तर, आणि दुसरं उत्तर म्हणजे एक साधा पातळ बिझनेस लॅपटॉप पुढे सरकवायचा, "घ्या, हा पण मिल-स्टँडर्डच आहे." आणि तो खोटं बोलत नव्हता, खोक्यावर तसं छापलेलं होतं. मग मी जरा वाचायला बसलो.

मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकन सैन्याचं टेस्ट कशी घ्यायची याचं पुस्तक आहे, ८१०जी २००८ चं आणि ८१०एच २०१९ चं. त्यात उष्णता, थंडी, धूळ, पाऊस, हादरे, पाडणं अशा पुष्कळ पद्धती आहेत आणि त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते कंपनी ठरवते, सैन्य काही कोणाला सर्टिफिकेट देत बसत नाही. त्यामुळे एखादी कंपनी हादऱ्याची आणि थंडी-उन्हाची टेस्ट करून "८१० पास" लिहू शकते आणि दुसरी धुळीत पुरून, पाण्याने झोडपून तेच लिहिते. पाडायच्या टेस्टमध्ये २६ वेळा पाडतात, ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे, पण ते २६ वेळा पाच मशीनमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एकाच बिचाऱ्याने २६ वेळा मार खाल्ला असेलच असं नाही. म्हणून नुसतं ८१० वाचून काही कळत नाही, किती उंचीवरून ते विचारायचं. सेमी-रगेडला साधारण तीन फूट सांगतात, फुल-रगेडला चार ते सहा.

आयपी नंबर जास्त कामाचा. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, ५ म्हणजे थोडी जाईल पण काम बिघडवणार नाही. दुसरा पाण्याचा, २ म्हणजे जरा कललेला असताना वरून थेंब पडले तर चालेल, ३ म्हणजे तिरका शिडकावा, ५ म्हणजे पाईपची धार, ६ म्हणजे जोराची धार. साध्या लॅपटॉपच्या खोक्यावर ८१० दिसेल पण आयपी शक्यतो दिसणार नाही, फरक तिथं कळतो.

फुल-रगेडमध्ये आम्ही प्रत्यक्ष हाताळला तो पॅनासॉनिकचा टफबुक सीएफ-३१, सातपूरला मशिनच्या पीएलसीची (मशीन चालवणारा कंट्रोलर) कामं करणाऱ्या एका मित्राकडे आहे. टफबुक ही लाईन १९९६ पासूनची आहे आणि ३१ म्हणजे त्यातला जुना पैलवान. मॅग्नेशियमची बॉडी, वरती हँडल, आयपी ६५, सहा फुटांवरून पाडायची टेस्ट, खरा सिरीयल पोर्ट (मित्राने त्यासाठीच घेतलाय, जुन्या मशिनींना यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं की कटकट होते), टच स्क्रीन दाबाचा, म्हणजे ग्लोव्ह असो, स्क्रूड्रायव्हरची मूठ असो, चालतो. उन्हात स्क्रीन अशी दिसते की बघतच राहावं. पण १३.१ इंची, १०२४ बाय ७६८ ची चौकोनी स्क्रीन, आमच्या सॉफ्टवेअरची खिडकी त्यात मावणार नाही. वजन साडेतीन किलोच्या वर. चार्जर १५.६ व्होल्टचा, बाकीच्यांचे १९-२० चे, म्हणजे अडीअडचणीला दुसऱ्याचा लावता येत नाही. आणि शेवटच्या मॉडेललासुद्धा पाचव्या जनरेशनचा प्रोसेसर, तर विंडोज ११ ची यादी इंटेलच्या आठव्यापासून सुरू होते. आम्ही २०२४ च्या दिवाळीनंतर शोधत होतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीरच होतं, वर्षभरासाठी कोण पैसे घालेल. जुन्याच मशिनी आणि ऑफलाईन काम असेल तर मात्र ३१ ला आजही तोड नाही, मित्राला मी तेच म्हटलं, विकू नको.

नवीन फुल-रगेड म्हणजे टफबुक ४०, डेलचा ७३३० रगेड एक्स्ट्रीम, गेटॅकचा बी३६०. आयपी ६५-६६, स्क्रीन १२०० ते १४०० निट्सच्या (निट्स म्हणजे उजेडाचं माप), काही कमी म्हणून नाही. कोटेशन मागवलं, आकडा बघितला, भावाला दाखवला, तो म्हणाला "दादा, यात एक सेकंडहँड पिकअप येते." विषय संपला.

मग राहिले रिफर्बिश्ड सेमी-रगेड, परदेशातल्या कंपन्यांनी वापरून काढलेले. डेल लॅटिट्यूड ५४२४ रगेड, पॅनासॉनिकचा टफबुक ५५, गेटॅकचा एस४१०. तिन्ही १४ इंची, तिन्हींमध्ये आठव्या जनरेशनचे मिळतात, आणि मला ज्याची हाव होती ती गोष्ट तिन्हींमध्ये घेता येते, दुसरी बॅटरी. एक चालू असताना दुसरी काढून नवीन लावायची, लॅपटॉप बंद होत नाही. आयपी ५२-५३ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या बाबतीत ३१ च्या पुढे लिंबूटिंबू. पण माझ्या जॉबकार्डावर पाणी नव्हतंच ना.

त्या तिघांतला एक घेतला. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक तेवढंच नाव घेऊन दुकानात जातात, आणि पुढे जे सांगणार आहे ते तिन्हींना तसंच लागू आहे.

घेताना काय बघितलं ते मात्र सविस्तर सांगतो, कारण फसायच्या जागा इथंच. एक तर स्क्रीन. एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन प्रकारच्या स्क्रीन येतात, एक साधी २०० निट्सच्या आसपासची आणि एक १००० निट्सची, बाहेरून दोन्ही सारख्याच. घरातला साधा लॅपटॉप २५०-३०० चा असतो, म्हणजे २०० वाला रगेड घेऊन तुम्ही उन्हात आंधळेच. विकणारा मुंबईचा होता, त्याला म्हटलं दुपारी बाराला व्हिडिओ कॉल कर आणि लॅपटॉप घेऊन गच्चीत जा. पहिला पीस गच्चीत नेला तर स्क्रीनमध्ये त्याचंच तोंड दिसत होतं. "साहेब, ब्राइटनेस कमी असेल." असेल बाबा. तिसरा पीस बरोबर निघाला. दुसरं, बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलाय का ते समोर चालू करून बघायचं, तो असेल तर मशीन अर्धी दुसऱ्याचीच. तिसरं, विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्टची कमांड असते, ती मारली की बॅटरी मूळ केवढी आणि आता केवढी भरते ते दोन आकडे येतात. "बॅटरी एकदम ओके" म्हणून आलेल्या माझ्या दोन बॅटऱ्यांपैकी एक ६१ टक्के निघाली, भांडून दोन हजार कमी करून घेतले आणि नंतर दोन्ही नव्या टाकल्या. लॅपटॉप ६२ हजार, बॅटऱ्या ११ हजार, आणि गाडीच्या २४ व्होल्टवर चालणारा चार्जर ३२०० चा. कारचा १२ व्होल्टचा चार्जर ट्रकला लावू नका, जळतो, हे सांगायला लागू नये पण लागतं.

रोजचं जगणं

पहिल्याच आठवड्यात आम्ही तो "मेला" म्हणून परत पाठवायला निघालो होतो. घोटीजवळ रात्रीचं काम, भाऊ बटणं दाबता दाबता एकदम स्क्रीन काळी, लाईट गेले, आवाज गेला. चार्जर काढून लावला, बॅटऱ्या काढून लावल्या, दहा मिनिटं बटण दाबून धरलं. मी विकणाऱ्याला रात्री साडेदहाला फोन करून काय काय बोललो ते लिहीत नाही. नंतर कळलं की असल्या लॅपटॉपमध्ये सैनिक-पोलिसांसाठी एक मोड असतो, एफएन सोबत एक बटण दाबलं की सगळे दिवे, आवाज, वायफाय एका झटक्यात गप्प, शत्रूला दिसू नये म्हणून. घोटीला आमचा शत्रू कोण तर फक्त डास. त्या बटणावर आता लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, वहिनीची बाटली, तिला अजून सांगितलेलं नाही.

वजन जाणवतं. दोन्ही बॅटऱ्या लावून साध्या लॅपटॉपच्या दीडपट तरी असेल, मांडीवर घेऊन काम करायची सवय होती ती सुटली. हँडल ही इतकी क्षुल्लक गोष्ट वाटते पण एका हातात डबी, एका हातात लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये चढताना कळतं. कीबोर्ड जाड, आवाज करतो, भाऊ म्हणतो टाईप करताना भांडण चालू आहे असं वाटतं. फॅनची जाळी बाहेरून स्क्रू काढून साफ करता येते, दर रविवारी ब्लोअरने उडवायचं, कांद्याच्या दिवसात दर तिसऱ्या दिवशी, टरफलं आता आतपर्यंत जात नाहीत, जाळीवरच पापड होऊन बसतात.

स्क्रीनने मात्र काम बदललं. आधी आम्ही डोक्यावर गोणपाट घेऊन, जुन्या फोटोग्राफरसारखं, आत मुंडकं घालून कोड वाचायचो. आता एप्रिलच्या दुपारी चांदवडजवळ भर रस्त्यात उभं राहून वाचतो. फुल ब्राइटनेसला बॅटरी भराभर उतरते हे खरं, म्हणून वाचून झालं की लगेच खाली आणायचा. पोलराइज्ड काळा गॉगल घालून बघायला गेलात तर काही कोनातून स्क्रीन काळी दिसते, ती खराब झालेली नसते, गॉगल काढा.

उन्हाळ्याचं एक. व्हॅन बंद करून दोन तास उन्हात ठेवली की आतली बॅटरी चार्जच घेत नाही. पहिल्यांदा चार्जर गेला असं वाटलं. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापली की चार्जिंग तीच थांबवते, आणि थांबवते तेच बरं. सीटखाली सावलीत ठेवतो, आणि एसीसमोर पाचदहा मिनिटं धरला की येतो वळणावर.

फ्लॅशिंगचं सांगितलंच पाहिजे, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. सध्या २०२७ च्या सिंहस्थाची रस्त्याची कामं चालू असल्यामुळे टिपर आणि मिक्सरच जास्त येतात. एका मिक्सरचं फ्लॅशिंग चालू असताना साईटवरचा जनरेटर बंद झाला, आम्ही त्याच्यावर चार्जर लावलेला. आधी असता तर माझे हातपाय गळाले असते. एक बॅटरी ९ टक्क्यांवर होती, ती खटका दाबून काढली, गाडीत ठेवलेली भरलेली बसवली, दुसरीवर काम चालूच. पट्टी पुढे सरकत राहिली, ७१, ७२. ड्रायव्हर बाजूला उभा होता, तो म्हणाला "चालू इंजिनचं डिझेल फिल्टर बदलल्यासारखं केलं की राव तुम्ही." मला तो सिन्नरचा टिपर आठवत होता.

पडला एकदाच, केबिनच्या पायरीवरून चिखलात. पुसला. एक कोपरा खरवडलाय.

आणि नट. नटाने हासुद्धा मरेल. म्हणून झाकण लावायच्या आधी कीबोर्डवरून तळहात फिरवायचा असा नियम आहे, भाऊ आता मोबाईल खिशात टाकतानाही आधी हात फिरवतो.

मग पाणी आलंच

ऑगस्ट २०२५. पिंपळगावहून टोमॅटो भरून गुजरातला निघालेला ट्रक पेठ रोडला कोटंबी घाटात डिरेट झाला, म्हणजे इंजिन जाणूनबुजून ताकद कमी करतं तो प्रकार, वीसच्या वर जाईना. टोमॅटोचा माल, मालकाचे दर दहा मिनिटांनी फोन. पाऊस कसा तर समोरचं वळण दिसत नव्हतं. ड्रायव्हर मामांनी ताडपत्रीचं एक टोक आरशाला बांधून दिलं, त्याच्याखाली मी लॅपटॉप बंपरवर ठेवून काम करत होतो आणि एकदम निर्धास्त होतो, रगेड आहे ना आपला. लॅपटॉपवर पाणी पडतही नव्हतं फारसं. अर्ध्या तासाने डबीचं कनेक्शन तुटलं. वायर काढली तर यूएसबी पोर्टमधून दोन थेंब माझ्या बोटावर आले.

पाणी वरून आलंच नव्हतं. वायर केबिनमधून खाली लॅपटॉपकडे उतरत होती, ताडपत्रीच्या बाहेर भिजत होती आणि थेंब वायरवरून घसरत सरळ पोर्टमध्ये. घराच्या मीटरला वायर आणताना वायरमन खाली एक झोल देतो, पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून जावं म्हणून. मी आयटीआय केलेला माणूस, हे मला पहिल्या वर्षी शिकवलंय.

तेव्हा तिथं घाटात बसून डोक्यात आलं ते असं, की आयपीचा जो नंबर असतो तो सगळे फ्लॅप, म्हणजे पोर्टवरची रबरी झाकणं, बंद असतानाचा. आणि आमचं काम चालू असताना निदान एक फ्लॅप उघडा असतोच, वायर तिथूनच जाते. म्हणजे तो नंबर लॅपटॉप गाडीत प्रवास करतो तेव्हाचा आहे, काम करतो तेव्हाचा नाही. तीन लाखांचा आयपी ६६ वाला असता तरी त्या दिवशी तो फ्लॅप उघडाच राहिला असता. दुकानदार, व्हिडिओवाले, रिव्ह्यू करणारे, इतक्या जणांचं ऐकलं, हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मी विचारलंही नव्हतं.

तो एक पोर्ट गेला, बाकी मशीनला काही झालं नाही. त्या दिवशी दुसरा पोर्ट पुसून, वायरला झोल देऊन, नॉक्स सेन्सरची घासलेली वायर शोधली, टेप मारली, कोड उडवला आणि ट्रक काढला. नंतर ब्लूटूथवाली डबी घेतली, ९ हजाराची. कोड वाचणं, उडवणं, रिजन, सगळं तिच्यावर, सगळे फ्लॅप बंद. फ्लॅशिंग मात्र वायरनेच आणि छताखालीच, ब्लूटूथवर फ्लॅशिंग करायची हिंमत माझ्यात नाही आणि कोणी करत असेल तर त्याने माझ्या गाडीपासून लांब राहावं. पावसात आणखी एक, टचवर थेंब पडले की बोट लावल्यासारखं आपोआप काहीतरी दाबलं जातं, म्हणून पावसाळ्यात टच बंद करून टाकतो.

पुसायला आमच्याकडे आधी डिझेलचं फडकं हेच सर्व रोगांवर औषध होतं. ते स्क्रीनला लावू नका, थिनर तर नाहीच, चकाकी कमी करायचा जो थर असतो तो जातो. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, मऊ कापडावर घ्यायचं आणि पुसायचं.

हिशोब विचारतात म्हणून देतो. आधीचे तीन लॅपटॉप १ लाख २६ हजार, वर त्यांची दुरुस्ती १४ हजार, आणि तो ईसीएम ३४. हा बॅटऱ्या, चार्जर, ब्लूटूथ डबी धरून ८५ हजारांच्या आसपास पडला, दुरुस्तीला आजवर एक पोर्ट बंद आहे तो मी केलाच नाही. प्रोसेसर जुना आहे, भाऊ त्यावर गेम खेळायचा प्रयत्न करून हरलाय. ऑफिसचं बिलिंग, जीएसटी वगैरे असलं तर साधाच घ्या, हा टेबलावर नुसता जागा खातो. आमच्या ओळखीतल्या एकाने ऐकून घेतला, तो गॅरेजमध्ये पंख्याखाली बसून काम करतो, दोन महिन्यांत विकला.

भावाला आता त्याच्या व्हॅनसाठी वेगळा हवाय. त्याला म्हटलं, जॉबकार्डाच्या मागे लिहून आण. त्याने एकच ओळ लिहून आणली, "दादाने दिला नाही म्हणून." बघू दिवाळीपर्यंत.

सध्याची भानगड म्हणजे चार्जिंगच्या बाजूचा रबरी फ्लॅप, दिवसातून वीस वेळा उघडून उघडून बिजागरीशी फाटला. तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवलाय, टाईट बसतो, फक्त काढताना नखाने ओढावा लागतो. नवा फ्लॅप मागवलाय, पावसाच्या आधी आला तर बरं.